काम करणाऱ्या इंजिनिअरना शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे. ऑफिसचं काम सांभाळून सरकारी खात्यांतल्या, महापालिकांतल्या आणि बिल्डरांकडच्या इंजिनिअरांसाठी भूकंपरोधक बांधकामाची सत्रं घेते. त्या अनुभवावरून एक विषय इथे मांडावासा वाटतोय.

महाराष्ट्रात इंजिनिअरांच्या प्रशिक्षणाची सोय नाही असं कुणी म्हणणार नाही. नाशिकला मेटा ही राज्याची अभियांत्रिकी प्रशिक्षण अकादमी आहे, छत्रपती संभाजीनगरला १९८० पासून वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे, पुण्यात सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा आहे, रेल्वेच्या स्थापत्य इंजिनिअरांची इरिसेन आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय जल अकादमी आहे. माझा प्रश्न वर्गात फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल आहे. तिथे साधारण दोन प्रकारची माणसं येतात. एक कॉलेजातले प्राध्यापक. कोडचं, म्हणजे बांधकामाच्या मानकांचं, कलम न् कलम तोंडपाठ, पण साइटवर एमबी (कामाची मोजमापवही) भरायची वेळ कधी आलेली नसते. दुसरे निवृत्त अधिकारी किंवा माझ्यासारखे कन्सल्टंट. साइट रोमारोमांत भिनलेली, पण ती दीड तासात, एका क्रमाने, दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची याचा सराव नाही. प्राथमिक शाळेत शिकवायचं तर डीएड (आताचं डीएलएड) लागतं. पंधरा वर्षं पूल आणि इमारती बांधणाऱ्या माणसाला शिकवायचं तर काहीच लागत नाही.

एक उदाहरण देते. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्येही बहुमजली इमारती कोसळल्या. खाली मोकळं पार्किंग आणि कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांच्या टोकांचे ढिसाळ हुक ही त्यातली ठळक कारणं. त्यानंतर २००३ मध्ये केंद्राने भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हाच्या सातही आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी देशभरातल्या कॉलेजांतल्या शिक्षकांना हा विषय शिकवला. आधी शिक्षक तयार करा, मग विद्यार्थी आपोआप तयार होतील, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. पण जे विद्यार्थी कधीच पास होऊन साइटवर गेले होते, त्यांना शिकवणं ही वेगळी विद्या आहे.

रिंगेचा हुक १३५ अंशात वळवायचा, हे माझ्या वर्गातल्या जवळपास प्रत्येकाला माहीत असतं. भूकंपरोधक आरसीसी बांधकामाचा कोड म्हणजे आयएस १३९२०. त्याची १९९३ ची आवृत्ती सांगते की वळणानंतर सळईच्या व्यासाच्या १० पट लांबी ठेवा, निदान ७५ मिमी. २०१६ ची आवृत्ती म्हणते ६ पट, निदान ६५ मिमी. म्हणजे ८ मिमीच्या रिंगेला पूर्वी ८० मिमी शेपूट लागायचं, आता ६५. हे स्लाइडवर दाखवलं की सगळे माना डोलावतात, चहा होतो आणि दुसऱ्या दिवशी साइटवर रिंग ९० अंशातच वळते.

का वळते, हे मला वर्गातल्याच लोकांनी सांगितलं. २३० मिमीच्या कॉलममधून दोन्ही बाजूंचं ४०-४० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, वजा केलं की रिंगेला उरतात १५० मिमी. त्यात १६ मिमीच्या उभ्या सळया, वर हे दोन हुक आत तिरके घुसलेले. काँक्रीट हलवून बसवणारी व्हायब्रेटरची निडल जायला जागा राहत नाही. ९० अंशाची रिंग थोडी उघडून बाजूने अडकवता येते, १३५ ची वरूनच ओवावी लागते. फिटरला रिंगांच्या नगावर पैसे मिळत असतील तर तो कुठली वळवेल? आणि २०१६ च्या आवृत्तीत कॉलम किमान ३०० मिमी झाला. नऊ इंची, म्हणजे २३० मिमीच्या, भिंतीत कॉलम लपवायची सवय असलेल्या आर्किटेक्टला ते कोण समजावणार?

खरा धडा इथून सुरू होतो, आणि नेमका तो शिकवायला आपण प्रशिक्षकांना तयार करत नाही. वर्गात चाळीस जण असतील तर चाळीस साइट्स तिथे बसलेल्या असतात. त्या बोलत्या कशा करायच्या, त्यातून चुकीची समजूत कशी वेचून काढायची, आणि तरीही वेळेत मुद्द्यावर कसं आणायचं, हे शिकवता येतं अशी माझी खात्री आहे. तुमचे अनुभव काय आहेत? शिकवणारे आणि शिकायला बसलेले, दोघांचंही ऐकायचंय.

निवृत्त_उपअभियंता

विषय महत्त्वाचा आहे ताई. पण थोडं वेगळं बोलतो. माझ्या नोकरीच्या काळात प्रशिक्षणाला कोण जायचं? ज्याच्याकडे त्या आठवड्यात काम कमी तो. पुलांच्या कोर्सला पाणीपुरवठ्याचा माणूस बसलेला मी पाहिलाय. मार्चमध्ये बिलांची धांदल असताना पत्र यायचं, साहेब म्हणायचे कुणालातरी पाठवा. अशा वर्गापुढे कितीही तयारीचा प्रशिक्षक उभा केलात तरी तो काय करणार? आधी नामनिर्देशन सुधारा.

दुसरं, आमच्यासारख्यांना बोलावतात तेव्हा पत्रात फक्त विषय, तारीख आणि वेळ असते. समोर कोण बसणार, शाखा अभियंता की कार्यकारी अभियंता, हे दारातून आत गेल्यावर कळतं. मग माणूस आपल्याला येतं ते सांगून मोकळा होतो.

कोयनाकाठ

तुमचा दुसरा मुद्दा तर माझ्या मते प्रशिक्षक घडवण्यातला पहिला धडा आहे. समोर कोण आहे हे आधी विचारल्याशिवाय सत्र स्वीकारायचं नाही. मी आता कोर्सच्या आधी संस्थेमार्फत प्रत्येकाला चार ओळींचं पत्र पाठवायला सांगते: सध्या कुठलं काम चालू आहे, त्यातल्या एका कॉलम-बीम जोडाचा काँक्रीट टाकण्याआधीचा फोटो मोबाइलवर घेऊन या, आणि जे करायला जमलं नाही असं एक काम लिहून आणा. सगळे आणत नाहीत. निम्म्यांनी आणलं तरी सत्राचा पाया तयार होतो. आणि पाणीपुरवठ्याचा माणूस चुकून आलाच तर तो आपल्या टाकीच्या कॉलमचा फोटो आणतो, तोही कामाचाच असतो.

प्राध्यापिका_स्थापत्य

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. मोकळेपणाने सांगते, दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मला कधी भीती वाटली नाही, पण इंजिनिअरांच्या वर्गात उभं राहिलं की वाटते. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी मागच्या रांगेतून म्हणतं, "मॅडम, पुस्तकात ठीक आहे, साइटवर नाही चालत." त्यावर काय बोलावं हे आम्हाला कुठल्याच एफडीपीत, म्हणजे प्राध्यापकांसाठीच्या प्रशिक्षणात, शिकवलेलं नाही. एफडीपीत नवीन सॉफ्टवेअर शिकवतात, संशोधन कसं लिहायचं ते शिकवतात. कोयनाकाठ, या वाक्याचं तुम्ही काय करता?

कोयनाकाठ

मी लगेच विचारते, "का नाही चालत? फळ्यावर येऊन काढून दाखवा." हे उलट आव्हान देणं नाही, सूर अगदी मनापासून हवा, कारण बहुतेक वेळा त्याचं म्हणणं खरं असतं. माणूस येतो, कॉलमचा छेद काढतो, सळया काढतो, आणि काढता काढता त्याची अडचण सगळ्यांना दिसते. मग मी वर्गाला विचारते, हा हुक बसवायचाच असेल तर काय बदलावं लागेल? कुणी म्हणतं कॉलम ३०० चा करा, कुणी सळयांची संख्या कमी करून व्यास वाढवा म्हणतं, कुणी बारीक निडल आणि १० मिमीची खडी सुचवतं. कोडमधलं कलम मी त्यानंतर वाचते. तोवर ते ऐकण्याची गरज वर्गातच निर्माण झालेली असते.

प्राध्यापकांकडे यात एक मोठी ताकद असते, जी आमच्याकडे नसते. हुक ९० चा असेल तर कव्हरचं काँक्रीट उडाल्यावर तो उघडतो, आतला गाभा मोकळा होतो आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. हे बलांच्या भाषेत तुम्ही जितकं स्वच्छ समजावाल तितकं साइटवरचा माणूस समजावू शकत नाही. म्हणून मला जोडीने शिकवणं सगळ्यात फलदायी वाटतं. एक प्राध्यापक आणि एक साइटवरचा माणूस, दोघेही पूर्ण वेळ वर्गात हजर. पहिलं सत्र तुमचं, दुसरं माझं असं वाटून घेऊन एकमेकांच्या वेळी निघून जायचं नाही.

चाकणकर

मी मेकॅनिकलवाला, ऑटो पार्ट्सच्या क्षेत्रात. आमच्याकडेही हेच. टॉलरन्सच्या, म्हणजे मापात किती फरक चालतो त्याच्या, ट्रेनिंगला बाहेरून माणूस यायचा, दोनशे स्लाइड्स, दिवस संपला. मग एक प्रशिक्षक असे आले की त्यांनी आदल्या दिवशीच रिजेक्शनचा ट्रे वर्गात मागवून घेतला. प्रत्येक टेबलावर दोन-दोन रिजेक्ट झालेले पीस, त्यांचं ड्रॉइंग आणि मापं घ्यायला व्हर्निअर. म्हणाले, हा पीस का नाकारला ते ड्रॉइंगवर बोट ठेवून सांगा. एका टेबलावर क्वालिटीवाला आणि प्रॉडक्शनवाला यांच्यात जी जुंपली, त्यातून सगळ्या फ्लोअरला कळलं की दोघे मोजमापाची सुरुवात वेगवेगळ्या पृष्ठभागावरून करत होते. त्या दिवशी प्रशिक्षक फारच थोडं बोलले. पण ते थोडं नेमकं कधी बोलायचं, हे त्यांना कुठे शिकायला मिळालं असेल ते जाणून घ्यायला आवडेल.

प्रशिक्षक_यादीतला

चाकणकर, तुमच्या प्रश्नाला धरून लिहितो. मी सरकारी प्रशिक्षण संस्थेत काही वर्षं काढली. केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाचे प्रशिक्षकांसाठी कोर्सेस आहेत. 'डायरेक्ट ट्रेनर स्किल्स' हा पाच दिवसांचा, त्यात शिकवण्याचं कौशल्य. 'डिझाइन ऑफ ट्रेनिंग' हाही पाच दिवसांचा, त्यात कोर्स आखायचा कसा. पहिल्यात तुम्ही स्वतः छोटी सत्रं घेता, बाकीचे बसून बघतात आणि नंतर काय दिसलं ते सांगतात. त्यात मी एक गोष्ट शिकलो ती कायमची: सत्राच्या शेवटी शिकणारा काय *करू शकेल* ते आधी एका वाक्यात लिहा. "हुकचे महत्त्व समजेल" हे उद्दिष्ट झालं नाही. "काँक्रीटच्या आधी दहा मिनिटांत जोड तपासून चुकीच्या रिंगा खडूने खुणावू शकेल" हे झालं. एकदा असं लिहिलं की अर्ध्या स्लाइड्स आपोआप गळतात.

पण या कोर्सला मर्यादा आहेत. तिथे तहसीलदार, पोलिस अधिकारी, डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र असतात. सरावासाठी कुठलाही सोपा विषय चालतो. त्यामुळे गळ्यातला टाय बांधायला छान शिकवणारा माणूस परत येऊन प्रीस्ट्रेसिंगसारख्या इंजिनिअरिंगच्या विषयावर बोलायला लागला की पुन्हा स्लाइड वाचायला लागतो. इंजिनिअर प्रशिक्षकांना सराव त्यांच्याच विषयावर, आणि खऱ्या इंजिनिअरांसमोर मिळाला पाहिजे.

आणि मूल्यमापन. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि त्याचा परिणाम झाला का. आपण शेवटच्या दिवशी फॉर्म भरून घेतो ती पहिली पायरी. सत्र छान होतं, राहण्याची सोय उत्तम, धन्यवाद. तिथेच फाइल बंद होते. साइट तर तिसऱ्या पायरीवर आहे.

टेक्सासवासी

इकडे अमेरिकेत इंजिनिअरचा पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परवाना टिकवायचा तर बहुतेक राज्यांत सातत्याने शिकावं लागतं. टेक्सासमध्ये वर्षाला १५ तास, त्यातला एक तास नीतिमत्तेचा. कॅलिफोर्नियात मात्र अशी अटच नाही. तासांची सक्ती असली की वर्ग भरतात, हे खरं. पण तास मोजले जातात, शिकणं मोजलं जात नाही. जेवणाच्या सुटीतलं एखाद्या कंपनीचं उत्पादन सांगणारं भाषणही अनेकदा तासांत धरलं जातं. भारतात देशपातळीवर इंजिनिअरना परवान्याची सक्ती नाही, ती कधी आली तर तास मोजायच्या सापळ्यात अडकू नका एवढंच सांगेन.

चांगली गोष्टही सांगतो. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची 'एक्सीड' नावाची कार्यशाळा १९९९ पासून चालते, तिचं मूळ वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. ती कॉलेजातल्या शिक्षकांसाठी आहे, तरी त्यातली एक पद्धत आपल्या कामाची. प्रत्येक जण छोट्या गटासमोर एकापेक्षा जास्त वेळा प्रत्यक्ष शिकवतो आणि प्रत्येक वेळी अनुभवी शिक्षक त्याला काय जमलं, काय नाही ते नेमकं सांगतात. फळ्यावर काय कुठे येणार याचा आराखडा आधी कागदावर काढायचा, वर्गात हात लावून बघता येईल अशी एक तरी वस्तू आणायची, असा त्यांचा आग्रह असतो. चाकणकरांचा रिजेक्शनचा ट्रे तिथे फार वाखाणला गेला असता.

झेडपी_बांधकाम

सगळ्यांचं वाचलं. मी कनिष्ठ अभियंता, नोकरीत नवीनच. थोडं कडू वाटेल पण लिहितो. मला हुक माहीत आहे. १३५ माहीत आहे, ६५ मिमी माहीत आहे. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मी एका शाळेच्या इमारतीवर गेलो. जोडात एकही रिंग नव्हती. कॉलमच्या रिंगा बीमच्या खाली संपलेल्या आणि वर स्लॅबपासून पुन्हा सुरू. सकाळी सहाला मिक्सर येणार, मजूर ठरलेले. ठेकेदार म्हणाला, साहेब, आता बीम उचलायचा का? वरिष्ठांना फोन केला, ते म्हणाले बघ तुझ्या पातळीवर. मी चोवीस वर्षांचा, ठेकेदार माझ्या वडिलांच्या वयाचा. शेवटी बाहेरून दिसतील तेवढ्या रिंगा घालून घेतल्या. त्या रात्री झोप लागली नाही. आता सांगा, मला नेमकं काय शिकवायला हवं होतं? कोड तर नक्कीच नाही.

निवृत्त_उपअभियंता

बाळा, तू गेलास, पाहिलंस आणि बोललास, एवढंही पुष्कळ जण करत नाहीत. जोड कधी तपासायचा ते तुला कुणी सांगितलं नाही, ही आमच्या पिढीची उणीव. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी जोड दुरुस्त होत नाही. कॉलम भरून झाला आणि बीमचं सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) लागलं, की तेव्हाच जायचं. आणि साइट ऑर्डर बुकात तारीख घालून लिहायचं. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही, लिहिलेलं बिलाच्या वेळी उभं राहतं.

कोयनाकाठ

झेडपी_बांधकाम, तुमच्या प्रश्नाने हा धागा काढल्याचं सार्थक झालं. तुमच्यासाठी सत्र आखायचं तर मी त्यात दोन गोष्टी ठेवीन.

एक, जोडात रिंगा बसवायचा क्रम. बीमचा सांगाडा सेंट्रिंगच्या वर, टेकूंवर बांधायचा, वरच्या सळया लगेच ओवायच्या नाहीत. त्याआधी जोडाच्या सगळ्या रिंगा कॉलमच्या उभ्या सळयांमध्ये ओवून खाली थप्पी लावून ठेवायच्या. मग वरच्या सळया ओवून सांगाडा खाली सोडायचा, आणि थप्पीतली एकेक रिंग वर सरकवून जागेवर बांधायची. हा क्रम आयआयटी कानपूरच्या भूकंपविषयक टिप्समध्ये चित्रांसह दिला आहे. प्राध्यापक सी. व्ही. आर. मूर्ती यांनी त्या लिहिल्या आहेत, भाषा अगदी सोपी. पण चित्र दाखवून भागत नाही. वर्गाच्या अंगणात एक फिटर, चार उभ्या सळया, एक छोटा बीम, आणि इंजिनिअरांनी स्वतःच्या हाताने हे एकदा करायचं. फिटर हा त्या सत्राचा सहशिक्षक, त्यालाही मानधन. थप्पी आधी ठेवली नाही तर नंतर रिंग जाऊच शकत नाही, हे हाताला कळलं की "आता बीम उचलायचा का" हा प्रश्न उद्भवण्याच्या चार दिवस आधी तुम्ही साइटवर जाल.

दोन, तो संवाद. ठेकेदार एक जण, तुम्ही दुसरे, वरिष्ठ तिसरे, बाकीचे बघतात. पहिल्यांदा सगळे हसतात, पण दोन मिनिटांत गंभीर होतात, कारण प्रत्येकावर ती वेळ आलेली असते. मग थांबून विचारायचं, या वाक्याच्या ऐवजी काय म्हणता आलं असतं? प्रशिक्षकाची खरी कसोटी इथे लागते. त्याने तुमची लाज काढायची नाही आणि "परिस्थितीच तशी असते" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. हे आपसूक येत नाही, सरावाने येतं, आणि बाजूला बसून बघणारं कुणीतरी लागतं.

प्राध्यापिका_स्थापत्य

आता मला हे स्वच्छ दिसतंय. आमच्या कॉलेजात आम्ही चौघे जण असे वर्ग घेतो. पुढच्या सुटीत आम्ही आणि साइटवरचे चार जण, असा आठ जणांचा गट करून सराव करायचा विचार आहे. पहिला दिवस एखाद्या चालू साइटवर, नुसतं बघायला आणि फिटरशी बोलायला. नंतर प्रत्येक जोडीने वीस मिनिटं शिकवायचं, समोर तीन-चार खरे कनिष्ठ अभियंते. मग तेच सत्र सुधारून दुसऱ्या दिवशी पुन्हा. झेडपी_बांधकाम, तुम्ही समोर बसणाऱ्यांत याल का? तुमच्यासारखं बोलणारं कुणी असेल तर आम्हाला खरी कसोटी मिळेल.

झेडपी_बांधकाम

येतो मॅडम. रजा काढावी लागली तरी येतो. माझ्याबरोबरचे दोघे आणू का?

प्रशिक्षक_यादीतला

प्राध्यापिका मॅडम, सराव दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलात हे फार बरं केलंत, बहुतेक ठिकाणी नेमकं तेच वगळतात. सांगणाऱ्यांना एक नियम घालून द्या: "छान झालं" किंवा "आवाज कमी होता" नको. "सातव्या मिनिटाला मागच्या रांगेतल्याने प्रश्न विचारला, तुम्ही स्लाइड पूर्ण केली आणि तो प्रश्न राहून गेला" असं, पाहिलेलं सांगायचं. निरीक्षणाची एक साधी वही करा, डावीकडे वेळ, उजवीकडे काय घडलं. निरीक्षणासाठी मी यायला तयार आहे.

मानधनाचा विषयही आत्ताच मांडा. बहुतेक संस्था तासावर पैसे देतात, तयारीचा आणि साइटवर जाण्याचा दिवस त्यात धरत नाहीत. प्रस्तावात हे दोन दिवस वेगळे दाखवा आणि फिटरचं मानधन स्वतंत्र ओळीत लिहा, नाहीतर ते हिशेबात पहिलं कापलं जाईल.

कोयनाकाठ

दोघांनाही नक्की आणा. मॅडम, साइट मी बघते. बीमचं सेंट्रिंग लागून जोड उघडे असतील असा दिवस गाठावा लागेल, त्यामुळे तारीख दोन-तीन दिवस पुढेमागे होईल. सहा महिन्यांनी याच तिघांच्या साइटवर जाऊन जोड बघायचे, हेही प्रस्तावातच लिहूया. चाकणकर, वस्तू हातात देऊन शिकवण्याबद्दल अर्धा तास तुम्ही बोलाल का? मेकॅनिकलवाले असलात म्हणून काही बिघडत नाही.